नळीवरची साडेतीन बोटं

१९ एप्रिल

खताच्या दुकानवाल्यानं आमच्या मालकाले डायरी दिली. मालक काय लिहितीन, सही करतानाही जीभ बाहेर निघते त्यायची. म्हणून म्या घेतली. मी चौथी पास आहे. रोज लिहायचं. खरं तेच लिहायचं. कोणाले दाखवायचं नाही.

आज पाच किलो मिरच्या खारवल्या. ताक, मीठ, धने, हळद. कोपरापर्यंत खार. बारा वाजता स्लॅबवर वानरं आली, वीस तरी असतीन, अन् वर कुरडया वाळत होत्या. दीपमाला काठी शोधत बसली. सून चांगली आहे, पण तिले काठी सापडेपर्यंत वानरं ढेकर देऊन जातीन. मी होती तशी उठली, कपाटातून बंदूक काढली, वर गेली, नुसती दाखवली. सगळी पळाली. गोळी घातली नव्हती. गोळी लागतच नाही. वानरं बंदुकीले भेत नाहीत, मले भेतात.

बंदूक खोळीत घालून कपाटात ठेवली. मिरच्या पुऱ्या केल्या. चांगला दिवस.

२० एप्रिल

काही झालं नाही.

२१ एप्रिल

रोज लिहिण्यासारखं रोज घडत नाही. डायरी बनवणाऱ्याले हे समजत नाही.

ऊन लय. डाव्या हाताची करंगळी ठणकून राह्यली. कडबा कुट्टी मशीननं अर्धी खाल्ली त्याले नऊ वर्षं झाली. आता जी अर्धी नाही तीच ठणकते.

२७ एप्रिल

मधी लग्नाचे दिवस होते. माणसानं जेवावं का लिहावं?

आज ठाण्यातला जमादार धम्मदीप फटफटीवर आला. म्हणे, गोजरबाई, बंदुकीच्या परवान्याची मुदत सरून राह्यली. १५ मे ले साहेब तपासणी करतीन. बंदूक साफ पाह्यजे, चालू पाह्यजे. नाहीतर ठाण्यात जमा, अन् परवान्याचं मग पाहू.

म्या म्हटलं, साहेबाले सांग, माझ्या नळीत तोंड पाहून भांग पाडता येईन.

बंदूक सासऱ्याची. एकनळी, बाराबोर. रानडुकरं अन् रोही पिकात शिरतात म्हणून सरकारनं दिलेला परवाना. सासरा गेला तेव्हा परवाना कोणाच्या नावानं करायचा? मालकाचे हात थरथरतात. धाकटा दीर जानराव दिवस मावळल्यावर कोणत्या पायावर उभा राहीन ते त्यालेच ठाऊक नसते. उरली मी. शेत मालकाच्या नावावर. घर अजून सासऱ्याच्या नावावर, तो वर जाऊन बारा वर्षं झाली तरी. माझ्या नावावर दोनच वस्तू आहेत, रेशन कार्ड अन् बंदूक. रेशन कार्डले कोणी भेत नाही.

उद्या साफ करायची.

२८ एप्रिल

खोळ काढली.

नळीवर गंज.

नळीवर निळसर काळी झाक असते, पिकल्या जांभळासारखी. तिच्यावर तांबूस गंज, वरवरचाच, जिऱ्याची पूड भुरभुरावी तसा. पण भुरभुरला कुठं? बोटांच्या आकारात. पेरांसकट बोटं उमटली आहेत. कोणीतरी नळी डाव्या मुठीत धरली. तीन बोटं पुरी, चौथं अर्धं.

मी बंदुकीले हात धुतल्याबिगर शिवत नाही. हे अख्ख्या उंद्री गावाले ठाऊक आहे. म्हणजे कपाट दुसऱ्या कोणी उघडलं. काऊन? १५ तारखेले बंदूक नापास व्हावी म्हणून.

चौथं बोट अर्धंच काऊन टेकलं? भेत भेत धरली असन. चोराचा हात पुरा टेकत नाही.

आता गंज काढायचा नाही. गंज हा पुरावा आहे. आधी माणूस धरायचा, मग गंज.

२९ एप्रिल

मालकाले दाखवलं. मालकानं नळी पाह्यली, मंग मले पाह्यलं, मंग म्हणाले, आधी घरातलं पाहून घे. म्या म्हटलं, तुमचाच हात दाखवा. दाखवला. थरथरते. थरथरत्या हाताचे ठसे पुसट पडले असते. मालक सुटले.

दीपमालाले बोलावलं. तिची बोटं भेंडीसारखी बारीक. सुटली. जाता जाता म्हणते, आत्याबाई, एक डाव तुमचाही हात लावून पाहा ना नळीले. म्या म्हटलं, मी फिर्यादी आहे. फिर्यादीचा हात कोणी पाहत नाही. पोरगी तोंडाले पदर लावून चुलीकडं पळाली. धूर झाला असन.

३० एप्रिल

मेहकरले गेली, गनीभाईकडं. अब्दुल गनी. कुलुपं, किल्ल्या अन् बंदुका दुरुस्त करते. सासऱ्याच्या काळापासूनचा माणूस. एस.टी.त बंदूक अन् परवाना घेऊन चढली तर बसायले दोन माणसांची जागा झाली. कंडक्टर सुटे मागायले आला नाही.

गनीभाईनं चष्मा चढवला. नळी उन्हात फिरवली. म्हणते, भाभी, ये नमक का हाथ है. खार का. सूखा पसीना ऐसा नहीं पकड़ता. लोणचं, मिरच्या, ऐसा कुछ.

हा मोठा धागा आहे. गावात आता खाराचं काम कोणाकोणाकडं चालू आहे ते पाह्यलं पाह्यजे.

गनीभाई म्हणते, लाओ, अभी निकाल देता. त्याची रीत अशी. पातळ तेल लावायचं, मुरू द्यायचं. मंग पॉलिशवाले वापरतात ती झिरो नंबरची लोखंडी लोकर, केसापेक्षा बारीक, तेलात भिजवून हलक्या हातानं फिरवायची. जोर करायचा नाही. गंज उठते, निळी झाक राहते. पुसायचं, परत तेल. चिंच, लिंबू, नारळाची शेंडी, राख, यातलं काही नाही. आंबट लागलं की गंजासोबत झाकही जाते.

म्या म्हटलं, आज नको. पुरावा आहे.

गनीभाई म्हणते, भाभी, आज गंज ऊपर है. पंद्रह दिन में अंदर गड्ढा करेगा.

दुकानदार घाई करतेच. त्याचा धंदा आहे.

चहा देताना त्यानं माझ्या कप धरलेल्या हाताकडं पाह्यलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत पाह्यलं. पैसे घेतले नाही. तेलाची बारकी शिशी अन् मूठभर लोखंडी लोकर दिली. म्हणते, मुजरिम मिले तो हमको जरूर बताना. भला माणूस, पण नजर गेली बिचाऱ्याची.

२ मे

मार्ग सापडला. नळी साफ करायची, फक्त बोटं सोडून.

तेल लावलं, तासभर मुरू दिलं. गनीभाईनं अर्धा दिवस म्हटलं होतं. माझं तेल लवकर मुरते. लोखंडी लोकर बोटांच्या कडेकडेनं फिरवली. बाकीची नळी अशी निघाली की निळं पाणी हललं वाटते. अन् मधी साडेतीन बोटं, फोटो काढल्यासारखी.

गनीभाईले हे सुचलं नसतं.

३ मे

नळीच्या तोंडापाशी एक ठिपका निघत नव्हता. लोकर फिरवून फिरवून कंटाळा आला. हलका हात, हलका हात. हलक्या हातानं कधी काही निघालं?

चिंच लावली. गनीभाई नको म्हटला होता. पण गनीभाईनं आयुष्यात एक तरी घागर घासली आहे काय?

ठिपका गेला.

झाकही गेली. रुपयाएवढा पांढरा डाग पडला, नव्या वाटीसारखा.

कंपनीचा रंगच कच्चा होता. सासऱ्याले फसवलं. तरी काळजी नाही. घरी काजळ आहे, म्या स्वतः धरलेलं, एरंडीच्या तेलाचं. बोटानं लावलं. डाग कुठं होता ते मलेच सापडेना.

५ मे

गिरणीवर दळण घेऊन गेली. बारा बाया होत्या, तीन माणसं. सगळ्यांसमोर सांगितलं. माझ्या बंदुकीले खाराचा हात कोणी लावला ते उद्यापासून तपासणार. ज्याचा हात निघन त्यानं महिनाभर अख्ख्या गल्लीच्या कुरडया राखायच्या. वानरांपासून. उन्हात बसून. मग तो कोणी असो, घरचा असो का बाहेरचा.

जानरावची बायको सुवर्णा म्हणे, बाई, शब्द पक्का ना? म्या म्हटलं, गोजरबाईचा शब्द बंदुकीची गोळी. ती म्हणे, मंग मी एक पायली कुरडया जास्त करते.

हिले काऊन एवढा आनंद?

६ मे

बशीत कपड्याची नीळ कालवली. प्रत्येकाचा डावा हात बशीत बुडवायचा, डायरीच्या मागच्या पानावर दाबायचा, खाली नाव. सकाळपासून रांग. असं सहकार्य गावानं ग्रामसभेले केलं नसतं. एक म्हातारी दोन वेळा आली. पोरं नीळ तोंडाले लावून पळाली.

नऊ हात. सगळ्यांची चार बोटं पुरी. हात देऊन झाल्यावर जो तो माझ्या हाताकडं पाहते अन् खोकलते. साथ आली आहे.

७ मे

चौदा हात. नळीजवळ धरून पाह्यले. एकही जुळत नाही. गुन्हेगार हुशार आहे.

दीपमाला परत म्हणे, एक पान शिल्लक आहे, तुमचाही घेऊन टाका, वही भरन. तिले वही भरायची पडली आहे.

८ मे

नळी पाह्यली. तांबूस होतं ते आता तपकिरी झालं. नख फिरवलं तर बारीक खरखर लागते. उजेडाचा फरक असन.

तेल लावलं नाही. तेलानं ठसा फिका पडला तर मी साहेबाले काय दाखवू?

१० मे

जानराव स्वतः चालत आला. सकाळचा होता, म्हणून सरळ आला. म्हणे, वहिनी, साऱ्या गावाचा हात घेतला, माझाच काऊन राह्यला? हात घ्या, पाय घ्या, लागलं तर कपाळ घ्या. निळीत हात बुडवला, दाबला. मंग करंगळी माझ्या नाकासमोर नाचवली. म्हणे, पाहा वहिनी, पुरी आहे. देवाची कृपा.

म्या करंगळीचं नावही काढलं नव्हतं. त्यानंच काढलं. चोराच्या मनात चांदणं.

मालक बाजेवर बसून होते. तोंडावर टोपी घेऊन हलत होते. थरथर वाढली.

१२ मे

आज बसून पुरा विचार केला. माणूस सापडला.

एक, खार. सुवर्णानं महिन्याभरात लिंबाचं लोणचं घातलं. म्हणजे जानरावच्या घरी खार आहे. दोन, बंदूक जमा झाली तर तो म्हणन, परवाना माझ्या नावानं करा. तीन, करंगळी. त्याची करंगळी पुरी आहे, अन् नळीवर अर्धी आहे. म्हणजे त्यानं ती मुद्दाम अर्धी टेकवली, माझा संशय दुसरीकडं जावा म्हणून. ज्याची करंगळी पुरी आहे, तोच ती अर्धी टेकवू शकते. ज्याची अर्धीच आहे त्याले काय गरज?

शाळा पुढं शिकली असती तर मी वकील झाली असती.

१४ मे

जानरावले निरोप दिला, उद्या ठाण्यात हजर राह्य. म्हणे, येतो, वहिनी. सुवर्णाले आणू काय? म्या म्हटलं, गावाले आण.

डायरी संगं नेणार. हातांची पानं मागं आहेत. कोणाले दाखवायची नाही म्हटलं होतं, पण पोलीस म्हणजे कोणी नाही, पोलीस म्हणजे सरकार.

काजळाचा नवा हात दिला. लुगड्याले इस्त्री केली. उद्यापासून बंदूक माझी कायमची.

१५ मे

ठाण्यात साहेब, धम्मदीप, मी, मालक, जानराव, सुवर्णा, अन् खिडकीत गल्ली.

साहेबानं बंदूक घेतली. नळीच्या तोंडाशी पंज्यानं धरली. वर केली, आतून पाह्यली. म्हणे, आतून ठीक आहे. मंग गरम होत होतं म्हणून त्याच हातानं कपाळ पुसलं. कपाळावर काजळ, भुवईपासून कानापर्यंत. खिडकीत कोणीतरी म्हटलं, साहेबाले दृष्ट लागणार नाही आता. साहेबानं हात पाह्यला, नळी पाह्यली, डाग पाह्यला. म्हणे, हे काय लावलं? म्या म्हटलं, एरंडीचं. डोळ्याले थंड असते.

साहेब पुढं काही बोलायच्या आत म्या खटला सुरू केला. साडेतीन बोटं दाखवली. खार सांगितला. लोणचं सांगितलं. करंगळीचं तर असं मांडलं की मले स्वतःलेच टाळी द्यावी वाटली. जानराव मान हलवून ऐकत होता. हाव वहिनी, हाव वहिनी, करत होता.

साहेब धम्मदीपले म्हणे, वही पाह्य.

धम्मदीपनं मागची पानं पाह्यली. एकेक हात मोजला. तेवीस अन् जानराव चोवीस. म्हणे, गोजरबाई, यात तुमचा हात कुठं आहे?

म्या म्हटलं, माझा कायले? मी बंदुकीले हात धुतल्याबिगर शिवत नाही.

तो म्हणे, पुढच्या पानावर असन. अन् वही पुढून उघडली. मले वाटलं नाव पाहते. तो वाचायले लागला, मोठ्यानं, शाळेत धडा वाचतात तसा. आज पाच किलो मिरच्या खारवल्या. ताक, मीठ, धने, हळद. कोपरापर्यंत खार. बारा वाजता स्लॅबवर वानरं आली.

तिथं मले आठवलं.

मी होती तशी उठली, असं लिहिलेलं त्यानं दोन वेळा वाचलं. माझंच अक्षर. खरं तेच लिहायचं, असं वरच लिहून ठेवलेलं.

म्या डावा हात पदराखाली घेतला. उशीर झाला. धम्मदीप म्हणे, ठेवा हो बाई. ठेवला. बोटं आपोआप जाग्यावर बसली. तीन पुरी, चौथं अर्धं. जोडा पायात बसावा तशी.

मालक म्हणाले, मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, घरातलं पाह्य.

म्या म्हटलं, मंग नीट काऊन नाही सांगितलं? अख्खा गाव पाहून राह्यला होता, एकानं तरी तोंड उघडायचं! जानराव म्हणे, वहिनी, तुमच्या हातात बंदूक होती.

गंज तिथंच काढून पाह्यला. धम्मदीपनं तेल लावलं, लोकर फिरवली. तांबूस सगळं निघालं. खाली गड्डे. बारीक बारीक, पेरांसकट. गनीभाई म्हणाला होता. पहिल्या दिवशी काढला असता तर दहा मिनिटांचं काम होतं.

मी सरळ विचारलं. साहेब, बंदूक जाते का राहते? बाकीचं सगळं चालते, पण रेशन कार्ड घेऊन मी शेतात कशी जाऊ?

साहेबानं कपाळ धुतलं, परत आला. जानरावले म्हणे, तुमची काही हरकत? म्हणे, साहेब, मले बंदूक नको. मले कुरडया राखणारं माणूस पाह्यजे. गिरणीवर शब्द झाला आहे.

मंग साहेबानं निकाल दिला. बंदूक महिनाभर जमा. मेहकरहून गनीभाईकडून साफ होऊन, डागावर झाक चढून येईन. परवाना बाईच्याच नावानं राहीन. अन् रजिस्टरात बंदुकीच्या ओळखीच्या खुणेचा रकाना असते, तिथं धम्मदीपनं लिहिलं, म्या वाचलं: नळीवर परवानाधारकाच्या डाव्या हाताची साडेतीन बोटं, कायमची.

सही केली. जीभ बाहेर निघाली.

१६ मे

काही झालं नाही.

१८ मे

सुवर्णाच्या स्लॅबवर. कालपासून. सकाळी नऊ ते चार. तिनं खरंच एक पायली जास्त केली. गल्लीतल्या सगळ्यायनं आपापल्या कुरडया इथंच आणून टाकल्या, म्हणे एका जाग्यावर राखायले सोपं. दीपमालानं काठी आणून दिली. लगेच सापडली तिले.

म्या तिले म्हटलं, काठी कायले? वानरं मले भेतात. काठी तिच्याच हाती खाली धाडली.

१९ मे

बारा वाजता आली. वीस तरी असतीन. मी उभी राह्यली. कंबरेवर हात ठेवले, नुसतं पाह्यलं.

मोठा वानर समोर येऊन बसला. त्यानं एक कुरडई उचलली. माझ्याकडं पाहत पाहत खाल्ली. मंग दुसरी उचलली.

म्या खाली आवाज दिला, दीपमाला, काठी!